एक चमचा की दोन? सोयाबीनच्या पिठातली घाई

नेर म्हटलं की धुळ्याकडच्या माणसाला त्याचं नेर आठवतं. हे ते नाही. हे यवतमाळ जिल्ह्यातलं नेर परसोपंत, यवतमाळहून अमरावतीला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, सोयाबीन आणि मधल्या तासांत उभी तूर. शेतकरी या पिकांकडे क्विंटल आणि भावाच्या हिशेबाने बघतो, आणि बघायलाच हवं. पण यातल्या दोन पिकांच्या दाण्यांत एक जबरदस्त रसायन गुपचूप बसलेलं असतं. त्याचं नाव युरिएज, आणि त्याचं काम एकच: युरिया दिसला की फोडायचा.

युरिएज हा उत्प्रेरक आहे. उत्प्रेरक रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः खर्च होत नाही, एवढं दहावीला सगळेच पाठ करतात. पुढचा मजेचा प्रश्न मात्र पेपरात फारसा येत नाही. वऱ्हाडीत विचारायचं तर, "दुप्पट टाकलं तं अर्ध्या वेळात होते का, राजेहो?"

होते. कधी कधी होते. आणि कधी कधी अजिबात होत नाही. कुठे काय होतं, त्याचा हा फेरफटका.

दुधाचा पंचनामा, तुरीच्या पिठाने

दुधात युरिया मिसळलाय का हे ओळखायची घरगुती चाचणी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, आपल्या 'डार्ट' पुस्तिकेत दिली आहे. ५ मिली दूध घ्या, अर्धा चमचा सोयाबीनची किंवा तुरीची पूड टाका, चांगलं हलवा. ५ मिनिटांनी त्यात लाल लिटमस कागद बुडवा आणि अर्ध्या मिनिटाने काढा. कागद निळा झाला तर दुधात युरिया.

पूड दुधाला काहीच करत नाही. ती युरियाला फोडते, त्यातून अमोनिया निघतो, आणि अमोनिया लिटमस निळा करतो. ज्या तुरीचं वरण आपण रोज ओरपतो, तीच तूर प्रयोगशाळेची नोकरीही करते!

अर्धा चमचा आणि ५ मिनिटं, हे आकडे मात्र पाळायचे. युरिया थोडाफार तर निसर्गतःच दुधात असतो. तुम्ही मूठभर पीठ टाकून तासभर वाट बघितलीत, तर ती चाचणी पुस्तिकेतली राहत नाही. उत्प्रेरक किती आणि वेळ किती, ही जोडी नेहमी बरोबरच मोजावी लागते.

हळदीचा कागद लाल होतो तेव्हा

लिटमस मिळत नसेल तर हळद आहेच. हळद स्पिरिटमध्ये कालवायची, पांढऱ्या कागदाला फासायची, वाळवायची, पट्ट्या कापायच्या. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू त्यातूनच होतं. अमोनियाही तेच करतो.

आता अंगणात, उघड्यावर, काचेचे चार जुने ग्लास मांडा. प्रत्येकात अर्धा कप पाणी आणि चमचाभर युरिया. पहिल्यात एक चमचा कच्च्या सोयाबीनचं पीठ, दुसऱ्यात दोन चमचे, तिसऱ्यात दोन चमचे पण भाजलेल्या सोयाबीनचं, चौथ्यात काहीच नाही. ढवळा, झाका, आणि दर थोड्या वेळाने प्रत्येक ग्लासात नवी पट्टी बुडवा.

आधी पट्ट्या पिवळ्याच निघतात. मग दोन चमचेवाल्या ग्लासातल्या पट्टीची कड तपकिरी होते, पुढच्या पट्टीला ती विटकरी, आणि मग पट्टी सरळ लाल. एक चमचेवाला ग्लास मागून त्याच वाटेने येतो. पहिल्याला लागलेला वेळ दुसऱ्याच्या साधारण दुपटीच्या आसपास भरतो. अगदी बरोब्बर दुप्पट येत नाही, कारण पिठातली प्रथिनंही थोडा अमोनिया अडवून धरतात. जास्त पीठ, जास्त अडवणूक. तिसरा आणि चौथा ग्लास मात्र ढिम्म. भाजताना युरिएज मेलं, आणि युरियाला स्वतःहून फुटायची घाई नसतेच. नुसत्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो. युरिएज तेच काम जितक्या पटीने लवकर करतं, तो आकडा एकावर चौदा शून्यांच्या घरातला आहे.

गंमत अजून संपली नाही. लाल पट्टी वाळत ठेवा. अमोनिया उडून जातो आणि पट्टी पुन्हा पिवळी होते. (हे ग्लास परत चहाला घेऊ नका. आतलं पाणी शेणखताच्या खड्ड्यात ओता.)

रांग आहे तोवर काटे वाढवा

दुप्पट पिठाने वेळ निम्मा का होतो? सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीत गाड्यांची रांग लागते तेव्हा बघा. काटा एक असेल तर तासाला दहा गाड्या मोजून होतील, दोन असतील तर वीस. काटा झिजत नाही, संपत नाही, पुढची गाडी घ्यायला लगेच मोकळा. पण गाड्याच चार असतील तर वीस काटे लावून काय उपयोग? सोळा रिकामे बसणार. आणि काटे कितीही वाढवले तरी एकूण सोयाबीन एका दाण्यानेही वाढत नाही.

उत्प्रेरकाचं सगळं गणित यात आलं. जोवर कच्चा माल भरपूर, तोवर उत्प्रेरक दुप्पट की वेग दुप्पट. सरळ रेषा. कच्चा माल कमी पडला की रेषा वाकते. आणि शेवटी निघणारा माल तेवढाच. फक्त तो आज मिळतो की परवा, एवढाच फरक.

उलटा खेळही आहे: उत्प्रेरक तेवढाच ठेवून कच्चा माल वाढवत नेला की वेग आधी चढतो आणि मग एका उंचीला टेकून थांबतो. या वक्राचं गणित लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली बर्लिनमध्ये मांडलं. मेंटेनबाई कॅनडाच्या, आणि शिक्षणाने डॉक्टर.

हे मिश्रण गोठ्यात नको

युरिया आणि कच्चं सोयाबीन, दोन्ही नेरच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी एकाच भिंतीला टेकून ठेवलेले सापडतील. जनावराच्या खाद्यात मात्र ही जोडी जमवू नये असं पशुआहारवाले बजावून सांगतात. खुराकात युरिया असेल आणि त्यात कच्च्या सोयाबीनचा भरडा पडला, तर ओलावा मिळताच अमोनिया सुटायला लागतो. वास सुटला तर गाय तोंड लावत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पोटात जाऊन एकदम अमोनिया झाला तर विषबाधा.

म्हणूनच सोयाबीनची पेंड कारखान्यात वाफेने शेकतात आणि मग तिच्यात युरिएज किती उरलं ते तपासतात. फार उरलं तर पेंड कच्ची. अजिबात उरलं नाही तर जास्त शेकली गेली, म्हणजे प्रथिनंही बिघडली असण्याची शक्यता. उत्प्रेरकाचं प्रमाण इथे थर्मामीटरचं काम करतं.

हीच क्रिया चाऱ्यासाठी मुद्दाम घडवतात. १०० किलो गव्हाच्या कुटारावर ४ किलो युरियाचं पाणी शिंपडायचं आणि ते दाबून, झाकून साधारण तीन आठवडे ठेवायचं. कुटारातल्या जंतूंचं युरिएज सावकाश अमोनिया काढतं आणि कुटार मऊ, पचायला हलकं होतं. सोयाबीनची पूड मिसळून हे दिवस कमी करायचे प्रयोगही झालेत.

एक हात, नऊ वर्षं

सोयाबीनमध्ये युरिएज आहे हे १९०९ साली ताकेउची या जपानी संशोधकाने दाखवलं. पण युरिएज ही वस्तू आहे तरी काय? जेम्स समनर या अमेरिकी माणसाने ते शुद्ध करून दाखवायचं ठरवलं आणि त्यासाठी अबईच्या जातीच्या शेंगेचे दाणे निवडले. समनर सतरा वर्षांचा असताना शिकारीत गोळी लागून त्याचा डावा हात कोपराखाली गेला होता, आणि तो डावखुरा होता. एका हाताने रसायनशास्त्र करू नकोस, असा सल्ला त्याला मिळाला. त्याने १९१७ला काम सुरू केलं आणि १९२६ला युरिएजचे स्फटिक हातात घेतले. ते प्रथिन निघालं. मोठमोठ्या जर्मन पंडितांनी कित्येक वर्षं मानलंच नाही. १९४६ला नोबेल मिळालं तेव्हा वाद मिटलेला होता.

रक्ताच्या रिपोर्टात लपलेलं घड्याळ

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा थांबतो.

काविळीची शंका आली की डॉक्टर एसजीपीटी करायला सांगतात. रिपोर्ट येतो, समोर आकडा असतो आणि पुढे एकक: युनिट प्रति लिटर. साखर मिलिग्रॅममध्ये, हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये, मग हे युनिट काय प्रकरण?

एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम, म्हणजे शरीराचा स्वतःचा उत्प्रेरक. यकृताच्या पेशी दुखावल्या की ते रक्तात सांडतं. रक्तात ते इतकं कमी असतं की वजन करून मोजणं परवडणारच नाही. मग पॅथॉलॉजीवाला त्याला कामाला लावतो. नमुन्यात कच्चा माल भरपूर ओततो आणि ३७ अंशांवर क्रिया किती वेगाने चाललीय ते बघतो. क्रिया पुढे सरकते तसा एक विशिष्ट प्रकाश द्रावणातून जास्त जास्त आरपार जायला लागतो. मशीन दर मिनिटाचा फरक टिपतं. मिनिटाला एक मायक्रोमोल माल बदलणारं एन्झाइम म्हणजे एक युनिट. रिपोर्टवरचा आकडा हा मुळात वेग आहे! दुप्पट एन्झाइम, दुप्पट वेग, या एका सरळ रेषेवर गावोगावच्या लॅब चालतात.

रेषा वाकते ती जागाही लॅबमध्ये दिसते. साधारण माणसाचं एसजीपीटी चाळिसेक युनिटांच्या आत असतं. जोरदार काविळीत ते हजारांवर जातं. तेव्हा एन्झाइम इतकं असतं की ओतलेला कच्चा माल मशीनने बघायच्या आतच संपतो आणि वेग उलट कमीच दिसतो. हे माहीत असलेलं मशीन खूण करतं, मग टेक्निशियन नमुना दहापट पातळ करतो, पुन्हा लावतो आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणतो.

घरातल्या शुगर मोजायच्या पट्टीत याच्या बरोब्बर उलट व्यवस्था. तिथे एन्झाइम मुद्दाम भरपूर ठेवलेलं असतं, म्हणजे आकडा ठरवायचं काम फक्त रक्तातली साखर करते.

एन्झाइमच्या वेगासाठी १९९९ साली एक नवं आंतरराष्ट्रीय एककही मंजूर झालं: कटाल. सेकंदाला एक मोल. ते इतकं अवाढव्य आहे की रिपोर्टात त्याचे अब्जांश भाग लिहावे लागतात. आपल्याकडच्या लॅबवाल्यांनी त्याला लांबूनच नमस्कार केलाय.

पोटातल्या जंतूचा रंग

अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या आम्लात जगतो कसा? युरिएज बाळगून. युरिया फोडून स्वतःभोवती अमोनियाचं कवच करतो. एन्डोस्कोपी करताना डॉक्टर जठराचा कणभर तुकडा काढून युरिया घातलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असेल तर जेल गुलाबी होतं. जंतू खूप असतील तर काही मिनिटांत, तुरळक असतील तर काही तासांनी. म्हणून पिवळंच राहिलेलं जेल लगेच फेकत नाहीत, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवतात. हा जंतू अल्सर करतो हे पटवायला बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली तो चक्क पिऊन दाखवला. २००५ला नोबेल.

पाकात निंबू का पिळतात?

गुलाबजामच्या पाकात निंबाचे चार थेंब टाकायला आजी सांगते. पाक पुन्हा साखरेसारखा घट्ट बसू नये म्हणून. निंबाचं आम्ल इथे उत्प्रेरक असतं: उकळत्या पाकातली थोडी साखर ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडतं, आणि या मिश्रणाला स्फटिक धरायला जमत नाही. थेंब वाढवले की फोडाफोड वाढते. आख्खं निंबू पिळलं तर पाक बसणार नाहीच, पण गुलाबजामही आंबट.

रासायनिक क्रियेचा वेग पहिल्यांदा पद्धतशीर मोजला गेला तो याच क्रियेत. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन माणसाने उसाच्या साखरेत आम्ल घातलं, प्रकाशाच्या मदतीने साखर किती उरली ते बघत राहिला आणि त्यावरून वेगाचं सूत्र लिहिलं. तीसेक वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग विल्हेल्म ओस्टवाल्डच्या नजरेस ते पडलं. उत्प्रेरणावरच्या कामाला १९०९चं नोबेल मिळालं ते या ओस्टवाल्डला.

सरकी, निकेल आणि पिवळा डबा

कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. सरकीचं तेल काढतात आणि ढेप गाईम्हशींना. पातळ तेलाचं तुपासारखं घट्ट वनस्पती करायचं तर त्यातून हायड्रोजन वायू सोडावा लागतो, आणि नुसत्या हायड्रोजनला तेल दाद देत नाही. निकेलची बारीक पूड हवी. पॉल साबात्येला निकेलच्या या करामतीसाठी १९१२ साली नोबेल मिळालं. मुंबईत शिवडीला वनस्पतीचा कारखाना १९३२ साली सुरू झाला आणि १९३७पासून 'डालडा' घराघरात शिरला.

निकेल लागतं किती? तेलाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. दुप्पट केलं तर घट्ट व्हायचा वेळ घटतो, पण पुढे मजा बघा. निकेल वाढवत गेलं की एका टप्प्यावर फायदा थांबतो, कारण आता तेलात हायड्रोजन विरघळायलाच वेळ लागतो. मग कारखानदार निकेल वाढवत बसत नाही, ढवळायचा पंखा जोरात फिरवतो आणि वायूचा दाब वाढवतो. उत्प्रेरक कमी पडतोय की दुसरंच काही, हे ओळखणं म्हणजे केमिकल इंजिनिअरचा अर्धा पगार.

जाता जाता: वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती. चवीसाठी नाही हो! तिळाच्या तेलाला एका चाचणीत गुलाबी रंग येतो, तेव्हा कुणी साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर चटकन पकडता यावं म्हणून.

विरजण या पंगतीत बसत नाही

शाळेत बरेचदा विरजणाचं उदाहरण देतात, पण ते फसवं आहे. उत्प्रेरक स्वतः वाढत नाही. विरजणातले जंतू मात्र दुधात पडल्यावर एकाचे दोन, दोनाचे चार होत सुटतात. त्यामुळे दुप्पट विरजण टाकलं तर दही निम्म्या वेळात लागत नाही. जंतूंना एकदा दुप्पट व्हायला लागणारा वेळ तेवढा वाचतो, म्हणजे फार तर अर्धा-पाऊण तास. वाटीभर विरजण ओतून दही तासाभरात मागणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. नेरच्या मे महिन्यात दही भराभर लागतं, त्याचं श्रेय उन्हाला.

चीज मात्र खरं उत्प्रेरकाचं. दूध फाडणारं रेनेट दुप्पट घातलं की दूध साधारण निम्म्या वेळात गोठतं. रेनेटचं प्रमाण आणि गोठायचा वेळ यांचा गुणाकार कायम राहतो, हे डेन्मार्कच्या सेगेल्के आणि स्टोर्क यांनी १८७४ सालीच सांगून ठेवलं. गोठ्याजवळची माणसं प्रयोगशाळेच्या बरीच पुढे होती म्हणायची.

बटाट्याची फोड आणि रॉकेट

मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, कच्च्या बटाट्याची फोड टाका. फेस. आता तेवढाच बटाटा किसून टाका. धो धो फेस. बटाटा तेवढाच, पण पेशी फुटल्या आणि आतलं कॅटालेज हे एन्झाइम मोकळं झालं, म्हणजे कामावरचा उत्प्रेरक वाढला. कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. बाटलीच्या तोंडाला फुगा लावलात, तर तो मोठा होतो तो मात्र पेरॉक्साइडच्या मापाने. अख्खा किलो बटाटा किसलात तरी ऑक्सिजन तेवढाच.

तीव्र पेरॉक्साइड उत्प्रेरकावरून सोडलं की वाफ आणि ऑक्सिजनचा झोत निघतो. अंतराळवीरांना नेणाऱ्या रशियन सोयूझ रॉकेटमधले इंधनपंप याच झोतावर फिरतात.

जांभळा रंग जाता जात नाही, मग एकदम जातो

बारावी सायन्सच्या पोराला हे माहीत असतं. ऑक्झॅलिक आम्ल गरम करून त्यात वरून पोटॅशियम परमँगनेट सोडायचं, तेच जे विहिरीत टाकतात. पहिला थेंब पडतो आणि जांभळा रंग हटतच नाही. पोरगं घाबरतं, वाटतं चुकलं. तेवढ्यात रंग उडतो. दुसरा थेंब लवकर, तिसरा पडता पडताच नाहीसा.

कारण या क्रियेत तयार होणारं मँगनीजच तिचं उत्प्रेरक असतं. क्रिया जसजशी पुढे जाते तसा उत्प्रेरक वाढतो आणि वेग स्वतःच स्वतःला चाबूक मारत जातो. आधीच मँगनीज सल्फेटची चिमूट टाकून ठेवा, पहिल्या थेंबाचा नखरा गायब.

हाच प्रकार जुन्या सिनेमांच्या मुळावर येतो. ॲसिटेटच्या फिल्मचा मूळ माल सेल्युलोज, तो सरकीवर उरलेल्या बारीक तंतूंपासूनही काढत. फिल्म जुनी झाली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. ते आम्ल फिल्मच्या नासण्याला उत्प्रेरक ठरतं. जितकं आम्ल साठेल तितकी नासाडी वेगात, आणि त्यातून आणखी आम्ल. १९६४ साली पुण्यात सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या जागी म्हणून फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवावी लागते. जगभर काही संग्रहालयं डब्यात आम्ल शोषणाऱ्या पुड्याही टाकतात. उत्प्रेरकाचं प्रमाण वाढवायची धडपड सगळीकडे. इथे ते कमी ठेवायची.

४५ किलोच्या पोत्यामागचं लोखंड

कृषी केंद्रातून येणाऱ्या २६६ रुपये ५० पैशांच्या युरियाच्या पोत्यामागे अमोनिया असतो आणि अमोनियामागे लोखंड. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांची गाठ घालायला स्वस्त उत्प्रेरक शोधताना जर्मनीत ॲल्विन मिटाशच्या माणसांनी हजारो मिश्रणं तपासली आणि शेवटी स्वीडनच्या एका लोहखनिजाने बाजी मारली. आपल्या आरसीएफच्या ट्रॉम्बे आणि थळच्या कारखान्यांतही अमोनिया लोखंडी उत्प्रेरकावरच होतो.

पण लोखंड कितीही वाढवा, एका फेरीत वायूचा थोडासाच हिस्सा अमोनिया होतो. त्या तापमानाला आणि दाबाला निसर्गाने ठरवलेली जी मर्यादा, ती उत्प्रेरक ओलांडू शकत नाही. तो तिथे लवकर पोचवतो, बस्स. उरलेला वायू फिरवून पुन्हा आत सोडतात, आणि पुन्हा, आणि पुन्हा.

एकटा क्लोरीन, लाख ओझोन

कधी कधी उत्प्रेरक नावापुरता असला तरी पुरतो, आणि ते महागात पडतं. जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी वायूतून सुटलेला क्लोरीनचा एक अणू वरच्या हवेतले एक लाखापर्यंत ओझोनचे रेणू मोडू शकतो. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी हा धोका सांगितला. १९९५चं नोबेल त्यांना आणि क्रुट्झेन यांना मिळालं.

सायलेन्सरमधली माती

१ एप्रिल २०२०पासून देशात बीएस ६ लागू झालं. आज शोरूममधून निघणाऱ्या पेट्रोल गाडीच्या धुराड्यात एक जाळीदार चकती असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा. वजन काही ग्रॅमच, पण इतका बारीक पसरलेला की धुराला भेटायला पृष्ठभाग भरपूर मिळतो. घन उत्प्रेरकात किलोला फारसा अर्थ नाही, उघडा पृष्ठभाग किती ते महत्त्वाचं. शिसं त्यावर बसलं की हा पृष्ठभाग मरतो, म्हणून २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं.

हे रसायनशास्त्र चोरांनाही समजलंय. मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांतून आल्या. चोर सायलेन्सर फोडतात, आतली 'माती' काढतात आणि विकतात. वर्षानुवर्षं धूर गिळूनही त्या मातीतलं प्लॅटिनम जवळजवळ होतं तेवढंच असतं, म्हणून तिला भाव. गाडीच्या मालकाला कळतं ते सकाळी चावी फिरवल्यावर, आणि त्याच्याबरोबर अख्ख्या गल्लीला.